मामींच्या तोंडातली गुरं

एखाद्याच्या घरी मोठी गोष्ट झाली की तिचा एकच किस्सा होतो, अन् तोच ते लोक दहा वर्षं सांगत बसतात. आमच्याकडं उलटं झालं. ऑपरेशन एकच झालं, पण किस्से इतके साचले की परवा गल्लीतल्या बायका डाळ निवडायला बसल्या, तर डाळ संपली अन् किस्से उरले. त्यात गंमत अशी की ऑपरेशन छातीच्या आतलं, अन् किस्से सगळे तोंडाचे!

आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. आमचं गाव डोंगरकडा, अन् माझ्या मामी तिथल्याच. वय आधार कार्डावर अठ्ठावन्न, त्यांच्या हिशोबानं पासष्ट, अन् कुणी काम सांगितलं की ऐंशी. दिवाळीनंतर त्यांना भाकरी गिळेना. पाण्यासंगं ढकलायच्या. मग पाणी बी अडकायला लागलं. नांदेडला दवाखान्यात दुर्बीण घातली तेव्हा कळलं, अन्ननलिकेत कॅन्सर आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. आधी कॅन्सरच्या सुया दिल्या, गाठ बारीक झाली, मग ऑपरेशन ठरलं. नळीचा खराब भाग काढायचा, पोटाची पिशवी वर ओढायची अन् गळ्यापाशी दोन्ही जोडायचं.

मामींनी सगळं ऐकून घेतलं अन् एकच विचारलं, "मंग तोंडानं खाता येईन का?"

डॉक्टर म्हणाले, "जोड टिकला तर येईल."

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळे 'जोड' हा शब्द देवाच्या नावासारखा हळू आवाजात घ्यायला लागले.

*

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी घेऊन गेलो तर दारावर दाताचं चित्र! मी बाटलीत पाणी भरायला गेले तेवढ्यात मामी गायब. शोधत गेले तर त्या खाली फाईलच्या खिडकीवर उभ्या, अन् खिडकीतल्या माणसाला समजावून सांगत होत्या.

"भाऊ, फाईल बदलली. कुण्या दातवाल्याची चिठ्ठी आमच्याकडं आली. त्याला हुडका लवकर. न्हाईतर त्या बिचाऱ्याला धरून आमचं ऑपरेशन करून टाकतान."

तो माणूस इतका घाबरला की त्यानं समोरच्या दोन-चार फायली उघडून बघितल्या!

मग दाताच्या मॅडमनी सांगितलं की चिठ्ठी बरोबर आहे. मॅडम तरुण होत्या, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. त्या म्हणाल्या, तोंडात जंतू असतात. ऑपरेशनच्या वेळी तोंडातून श्वासाची नळी घालतात, तिच्यासंगं ते छातीत उतरू शकतात. नंतर थुंकीसंगं जोडापर्यंत जाऊ शकतात. तोंड जितकं स्वच्छ, तितका नंतरचा त्रास कमी व्हायची आशा.

मामी म्हणाल्या, "थुंकी तं जलमभर गिळून राहिले. तवा न्हाई काही झालं."

"तेव्हा आत जखम नव्हती, आजी."

हे मामींना पटलं. मला तर इतकं पटलं की रात्रभर मी माझीच थुंकी मोजत होते. मॅडमनी मग विचारलं की दात कशानं घासता. मामी खुर्चीत ताठ बसल्या.

"मिसरीनं. दिवसातून चारदा. माह्याइतकं तोंड आख्ख्या डोंगरकड्यात कुणी घासत नसंल."

भाजलेल्या तंबाखूची मिसरी, अन् ती चारदा! मॅडमचा पेन कागदावर तिथंच थांबला.

*

मिसरी बंद झाली. दोन सडके दात काढले. अन् मामींच्या आयुष्यात पहिला ब्रश आला. ह्यांनी म्हणजे माझ्या मालकांनी तो मेडिकलमधून आणला, मऊ केसांचा, लहान डोक्याचा. मॅडमनी बजावलं होतं की आठ दिवसांनी येताना ब्रश संगं आणा, कसा वापरता ते बघते.

आठ दिवसांनी गेलो. मॅडमच्या आधी तिथल्या सिस्टरनं ब्रश बघितला. बघितला अन् तिचा चेहराच बदलला. ब्रशच्या मुळाशी लालभडक! तिनं मामींना विचारलं, दुखतं का? मामी म्हणाल्या, थोडं थोडं. सिस्टरनं लगेच फाईलवर काहीतरी लिहिलं अन् आत पळाली. मॅडम आल्या, बॅटरी लावली, हिरड्या दाबून बघितल्या, रक्ताची तपासणी करावी लागेल म्हणाल्या. म्हणलं, आता ऑपरेशन पुढं जातं का काय!

मी ब्रश हातात घेतला. उजेडात धरला. लाल होतं, अन् लालच्या बाजूला पिवळं बी होतं.

"मॅडम, हे रक्त न्हाई. हे कुंकू हाय."

आमच्या घरात नवीन वस्तू पूजा केल्याबिगर वापरत नाहीत. मिक्सरला केली, मोटरला केली, माझ्या मोबाईलला केली. मामींनी ब्रशला बी हळदीकुंकू लावलं होतं. अन् एकदा लावून थांबल्या नव्हत्या. ब्रशावर इतकं मोठं काम आलंय म्हणून रोज सकाळी लावत होत्या!

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फाईलमधली ओळ खोडली अन् मामींना म्हणाल्या, "आजी, पूजा दांड्याची करा. केसांची नका करू."

*

मला लहानपणापासून एक खोड आहे, दिसत नाही ते बघावं वाटतं. सातवीत सरांनी एकदा कांद्याचं साल भिंगाखाली दाखवलं होतं, ते मला अजून दिसतं. त्यामुळं मॅडमच्या टेबलाजवळ भिंगाचं मशीन दिसलं तेव्हा मी विचारलंच, की हे जंतू दिसतात का हो?

मॅडमला बहुतेक असं कुणी विचारत नसावं. त्या खूश झाल्या. मामींच्या दातावरचा पिठूळ थर काडीनं खरवडला, काचेवर ठेवला, अन् समोरच्या टीव्हीसारख्या पडद्यावर दाखवला.

आई गं! वळवळ, वळवळ. काही लांब, काही गोल, काही मळसूत्रासारखे फिरत फिरत चाललेले. मी तोंडावर पदर घेतला. मामी मात्र पुढं सरकून बघायला लागल्या, जसं काही गावातलं कुणी पडद्यावर दिसून राहिलंय.

"हे सगळे माह्या तोंडात राहतेत?"

"हो आजी."

"मंग एवढी घाई कशाची ह्यांना? लगीन हाय का काय कुणाचं?"

मी मनात म्हणलं, मिसरी लावली की असं होतं. माझं तोंड स्वच्छ. मी दोन वेळा पेस्टनं घासते. म्हणून मोठ्या तोऱ्यात मॅडमला म्हणलं, आता माझं बी बघा.

माझं बघितलं. पडद्यावर तीच जत्रा! थोडी विरळ, पण जत्राच.

मामींनी माझ्याकडं बघितलं. लग्नाला चार वर्षं झाली, पण इतक्या मायेनं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "घ्या. सून बी माह्यावानीच निघाली."

मॅडमनी सांगितलं, हे सगळ्यांच्याच तोंडात असतात. त्यातले पुष्कळ काही करत नाहीत, उलट कामाचे असतात. जिथं जायला नको तिथं गेले की त्रास. मी वहीत लिहून घेत होते, पण मामींना वही लागली नाही.

"मंजे गुरावानीच हाय. गोठ्यात बांधलं तं घरची लक्ष्मी, अन् हरभऱ्यात शिरलं तं सगळं रान साफ."

मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आजी, हे मी पुढच्या पेशंटला सांगू का?"

मामी म्हणाल्या, "सांगा की. पर डोंगरकड्याचं नाव घ्या."

*

आता हा किस्सा माझा. सांगू नये असा आहे, पण हे सगळीकडं सांगत फिरतात, तेव्हा मीच सांगितलेला बरा.

ती जत्रा बघून मी घरी आले अन् माझी लेक वेदू, वर्षाची, रांगत येऊन माझ्या गळ्यात पडली अन् तिनं तिचं बोट माझ्या तोंडात घातलं. मला पडदाच दिसला! तिला खाली ठेवलं अन् चुलीवर मोठं पातेलं चढवलं. वाट्या, चमचे, तिची दुधाची बाटली, सगळं उकळलं. मग आठवलं की खेळणी बी ती तोंडात घालते. ती टाकली. मग म्हणलं ब्रश काहून सोडायचे? ते बी टाकले.

मामी खाटेवरून बघत होत्या. म्हणाल्या, "आता नवऱ्याला बी टाक. तो तं माती खाऊन मोठा झाला."

हे रानातून आले, भूक लागलेली, पातेल्यावरचं झाकण काढलं. आत ह्यांचा ब्रश वाकडा होऊन तरंगत होता, अन् वेदूचं पिवळं प्लास्टिकचं बदक चपटं होऊन त्याला चिकटलं होतं.

ह्यांनी झाकण परत ठेवलं. हात धुतले. अन् म्हणाले, "मला आज नुसतं पिठलं दे. बदकाचा रस्सा नको."

दुसऱ्या दिवशी मॅडमला फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, लेकराला उकळत्या पाण्यात घालायचं तेवढं राहिलंय का? मी म्हणलं, मॅडम, भीती वाटते. त्या म्हणाल्या, भीती ब्रशमध्ये घाला, दोन वेळा घासा, अन् बाकी पोरीला खेळू द्या.

*

ऑपरेशन झालं. वेदूला माझ्या आईकडं साखऱ्याला ठेवलं अन् मी दवाखान्यात राहिले. दोन दिवस मामी काचेच्या आत, आयसीयूत, मग वॉर्डात. पोटाला एक नळी, तिच्यातून पातळ खाणं. गळ्याला एक नळी, तिच्यातून जखमेचं पाणी बाहेर. तोंडानं काहीच नाही. जोड सुकेपर्यंत एक थेंब बी नाही. अन् तरी सिस्टर रोज ब्रश घेऊन हजर!

शेजारच्या खाटेवर कळमनुरीचे चाचा होते, बांगड्यांचा धंदा करणारे. त्यांचं बी तेच ऑपरेशन, दोन दिवस आधी झालेलं. त्यांच्या बायकोला सगळा वॉर्ड शमीम आपा म्हणायचा. मामींनी आपांना विचारलं, की तोंडानं खायचंच न्हाई, तं तोंड घासायचं काहून? जेवलं न्हाई तं ताट कुणी घासतं का?

आपा म्हणाल्या, "खाला, घर में कोई नहीं रहता तब झाडू नहीं मारे तो क्या होता? चूहे आते."

चाचा शिस्तीचे. जलमभर मिसवाकच्या काडीनं दात घासलेला माणूस. डॉक्टरांनी काडी बंद करून मऊ ब्रश दिला, तर तोही बराबर वेळेवर, दिवसातून चारदा. घासून झालं की आरसा मागायचे. मामींना त्याचा लई राग. म्हणायच्या, "नवरदेव व्हायचंय का ह्यांना?"

सिस्टरचा नियम एकच. ब्रश करायचा, मग औषधाचं पाणी तोंडात घ्यायचं, साठपर्यंत मोजत खळखळवायचं अन् थुंकायचं. थेंब बी गिळायचा नाही. गिळला तर जोडाचं मी सांगू शकत नाही, असं सिस्टर म्हणायची. मामींना साठपर्यंत मोजता येत होतं, पण तोंडात पाणी असताना मोजायचं कसं? म्हणून त्या माझ्याकडं बघायच्या अन् मी मोजायची. एक दिवस मी एकोणसाठला शिंकले. मामींनी डोळ्यांनीच खूण केली, पहिल्यापासून!

*

चौथ्या दिवसाचा किस्सा हसण्याचा नाही, पण तो टाळला तर पुढचं कळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मामींना लई दुखत होतं. त्यांनी ब्रश ढकलून दिला. तिकडं साखऱ्याहून आईचा फोन, वेदूला ताप आहे, रडून राहिली. मी वऱ्हांड्यात फोन कानाला लावून उभी. सिस्टरनं विचारलं, झालं का तोंड? मी म्हणलं, झालं.

झालं नव्हतं. सकाळी नव्हतं, दुपारी नव्हतं, संध्याकाळी बी नव्हतं.

चौथ्या दिवशी मामींना ताप भरला. छातीत घरघर. फोटो काढला, डॉक्टर म्हणाले, छातीत इन्फेक्शन दिसतंय. औषध बदललं, वाफ दिली, पाठ थोपटली. मी दाताच्या मॅडमना गाठलं अन् खरं सांगून टाकलं, की एक दिवस तोंड घासलं न्हाई, अन् मी खोटं बोलले. माझ्यामुळं झालं का?

मॅडम म्हणाल्या, "एका दिवसानं झालं असं मी म्हणणार नाही, अन् त्याचा काही संबंध नाही असंही म्हणणार नाही. मोठं ऑपरेशन, दुखण्यामुळं खोकता येत नाही, वर्षानुवर्षांची तंबाखू. कशानं झालं ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. तुम्ही आज काय करता ते महत्त्वाचं."

परत आले तर मामी जाग्या होत्या. मी त्यांना बी सांगितलं. त्यांनी हात लांब करून बोटं हलवली. मला वाटलं पाणी मागतात. मी म्हणलं, मामी, पाणी न्हाई द्यायचं.

त्यांनी मान हलवली अन् बोट दातांवरून इकडून तिकडं फिरवलं.

मी ब्रश आणला. त्या रात्री त्यांना बसवून, मागून धरून, मी घासून दिलं, जसं वेदूचे चार दात घासते तसं. तीन दिवसांनी ताप उतरला. वेदूचा तर दुसऱ्याच दिवशी उतरला होता.

*

अन् आता निळ्या पाण्याचा.

जोड सुकला का नाही ते बघायची एक तऱ्हा असते. पेशंटला निळ्या रंगाचं पाणी प्यायला देतात अन् गळ्याच्या नळीकडं बघत बसतात. नळीत निळं उतरलं, म्हणजे जोड गळून राहिला. नाही उतरलं, म्हणजे टिकला. चाचांची तपासणी आधी झाली होती अन् नळी कोरी निघाली होती. आपांनी वॉर्डभर खजूर वाटले होते. त्यामुळं मामींची पाळी आली तेव्हा सगळ्या खाटांच्या माना आमच्याकडं वळल्या होत्या.

त्या दिवशी नेहमीची सिस्टर नव्हती. एक शिकाऊ डॉक्टर आला, गोरा, घाईतला. निळ्या पाण्याचा ग्लास मामींच्या हातात दिला अन् म्हणाला, "घ्या आजी, तोंडात घ्या."

बारा दिवसांनी पहिल्यांदा प्यायचा ग्लास हातात. मी नळीकडं बघत होते, हे माझ्या मागं उभे होते, आपांचे ओठ हलत होते.

मामींनी ग्लास तोंडाला लावला. मोठा घोट घेतला. गाल फुगले. माझ्याकडं बघितलं. मी नळीकडंच बघत होते, म्हणून त्यांनी बोटं धरली अन् मनातल्या मनात मोजायला लागल्या. खळखळ, खळखळ, खळखळ. डॉक्टर बघतच राहिला. मामींनी पूर्ण साठ मोजले, शेजारचं भांडं उचललं, अन् सगळं निळं पाणी त्यात थुंकलं. एक थेंब गिळला नाही!

अन् चाचांकडं बघून, हिशोब चुकता केल्यासारखं, निळे दात दाखवले.

"आजी," डॉक्टर म्हणाला, "ते गिळायचं होतं!"

सगळा वॉर्ड हसला. चाचा तर टाक्यांवर हात दाबून हसत होते. मामी हसल्या नाहीत. डॉक्टरनं दुसरा ग्लास भरला. ह्या वेळी त्यांनी अगदी लहान घोट घेतला अन् तोंडातच धरून ठेवला. गिळेनात. डॉक्टर म्हणाला, गिळा. हे म्हणाले, गिळ माय. त्यांनी कुणाकडं बघितलं नाही.

माझ्याकडं बघितलं. ओठ मिटलेले, भुवया वर. चार वर्षांत भाजीत मीठ किती घालायचं हे सुद्धा त्यांनी मला विचारलं नव्हतं. आता विचारत होत्या.

मला हो म्हणवेना. जोड गळाला तर? तो शिंकलेला एकोणसाठ, ते खोटं बोलणं, सगळं आठवलं. तरी मी मान हलवली.

त्यांच्या गळ्यात एक लहान आवाज झाला. गुटुक.

मग सगळे नळीकडं बघत बसले. डॉक्टरनं आणखी दोन घोट दिले. गेले. त्यानं घड्याळ बघितलं, गेला, आला, परत बघितलं. चहावाला आला अन् तसाच उभा राहिला. नळीतलं पाणी जसं होतं तसंच होतं, फिक्कट गुलाबी.

शेवटी मोठे डॉक्टर स्वतः आले. नळी वाकवून उजेडात धरली, मामींचा गळा हलक्या हातानं चाचपला, अन् म्हणाले, "जोड चांगला आहे. आजी, आता साधं पाणी प्या. हळूहळू, पण प्या."

ह्यांनी घाईघाईनं ग्लास भरला. अर्धं पाणी चादरीवर सांडलं. उरलेलं मामींच्या ओठाशी नेलं.

मामींनी ग्लास हातानं बाजूला सारला. निळ्या तोंडानं म्हणाल्या, "आधी हिला पाज. सकाळपासून हिच्या बी घशाखाली काही उतरलं न्हाई."